शिडीची उंची

रजईच्या पायथ्याला दीड वीत जादा कापड जोडत बसले होते. अर्धी शिवण झाली होती, सुई कापडात तशीच खोचलेली, तेवढ्यात दाराची कडी वाजली. दार उघडलं तर समोर नुसती छाती आणि खांद्यावरची भली मोठी पिशवी. तोंड चौकटीच्या वर कुठेतरी. मग ते तोंड वाकून खाली आलं आणि म्हणालं, "वहिनी, आत घेतेस की इथूनच परत धाडतेस?"

माझी नणंद. पंधरा दिवस आधीच हजर. ती रजई तिच्यासाठीच वाढवत होते, कारण आमच्या घरातल्या कुठल्याही पांघरुणात तिचं एक ना एक टोक उघडं पडतं. खांदे झाकले तर पाय बाहेर, पाय झाकले तर खांदे.

"अगं, तू तर पुढच्या महिन्यात येणार होतीस ना?"

"चिमणीचा गुडघा गेला. मग आम्हाला कोण जिंकवणार? पहिल्याच फेरीत घरी." असं म्हणून तिने पिशवी खाली टाकली. टाकली म्हणजे खांद्यावरून सरकू दिली. ठेवायला वाकली नाही. ते माझ्या डोळ्यांना खटकलं, पण पाहुणी दारात उभी असताना असले विचार कोण करत बसतं!

आतून हे आले. कानावर पेन्सिल, अंगावर लाकडाचा भुसा. माझे यजमान सुतारकाम करतात. बहिणीला बघून म्हणाले, "आली शिडी! आता माळ्यावरचे डबे खाली येणार."

शिडी हे नाव यांनीच ठेवलेलं, ती दहा-अकरा वर्षांची असताना. ते गल्लीने उचललं, शाळेने उचललं, आणि मग ते इतकं तिचं झालं की खरं नाव फक्त पासपोर्टात उरलं.

ती धंद्याने बास्केटबॉल खेळते. परदेशात, पगारावर. संघात तिची जागा सेंटरची. सेंटर म्हणजे काय ते मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. एकदा तिने मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दाखवलं. दोन्ही हात पसरून चौकट भरून टाकली आणि म्हणाली, "आता आत ये." मी उजवीकडून गेले, डावीकडून गेले, खालून शिरायला बघितलं, शेवटी चिडून चांगला धक्का दिला. भिंतीला दिल्यासारखा. ती म्हणाली, "हेच माझं काम. समोरची ढकलते, कोपर मारते, पायावर पाय देते. मी हलायचं नाही. माझ्या आडोशाने आमची बारकी पोरगी चेंडू टाकते. आणि नेम चुकून चेंडू रिंगला लागून परत आला, की सगळ्यांच्या डोक्यावरून तो मी काढायचा."

"आणि टाळ्या?"

"टाळ्या बारकीला."

ती बारकी म्हणजेच चिमणी. तीही बाहेरदेशची, शेवटच्या क्लबातली हिची खोलीतली सोबतीण.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा शिडी चौदा वर्षांची होती आणि माझ्यापेक्षा हातभर उंच. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने तिला स्टुलावर बसवलं, तरी बसल्या जागी ती माझ्या खांद्याला लागत होती. सासूबाई बिचाऱ्या काळजीने अर्ध्या झालेल्या. "हिला नवरा बघायचा तर पाण्याच्या टाकीवर चढून बघावा लागेल," म्हणायच्या. आणि तिला म्हणायच्या, "मान खाली घालून चाल गं, लोक बघतात." पोरीने खांदे पुढे पाडून, पाठीला पोक काढून चालायची सवय लावून घेतली. शाळेत शेवटच्या बाकावर, तिथेही वाकून.

मग शाळेत खेळाचे मास्तर आले. त्यांनी तिला मैदानावर बोलावलं, रिंगखाली उभं केलं आणि सांगितलं, "मान वर कर. वर काय दिसतं?" ती म्हणाली, "जाळी." मास्तर म्हणाले, "मग इथेच उभी राहा." तिला मान वर करायला सांगणारा तो पहिला माणूस. हे तिने मला कितीदा सांगितलं असेल, आणि दर वेळी सांगताना ती नकळत ताठ बसते.

बाविसाव्या वर्षी ती परदेशी गेली. गाव थंड, क्लब लहान. राहायला दोन खोल्या. पलंग आखूड, म्हणून पायथ्याशी स्टूल आणि त्यावर घडी करून ठेवलेला कोट, अशी झोपायची. चुलीवर धूर ओढायचं जे झाकण असतं, ते बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीला. भुवईवर तिला व्रण आहे तो त्याचा. लोक विचारतात, मॅचमध्ये लागलं का? ती म्हणते, नाही, भाजी ढवळताना. खालचा एक दात मात्र मॅचमधला, तो आता खोटा आहे.

तिथली भाषा येत नव्हती तेव्हा तिने आधी तीनच शब्द शिकून घेतले: माझा, मागे, डावीकडे. "एवढ्यावर हंगाम निघाला," म्हणायची. "दुकानातसुद्धा टोमॅटोकडे बोट दाखवून 'माझा, माझा' म्हणायचे."

बाहेरच्या खेळाडूंचं तिथे भाडेकरूसारखं असतं. एका संघाला दोनच बाहेरच्या घेता येतात, करार वर्षाचा, आणि संघ हरायला लागला की सगळ्यांची नजर आधी त्या दोघींकडे जाते. तिसऱ्या वर्षी हंगामाच्या मध्येच कोच बदलला. नव्याला लांबून नेम धरणारी सेंटर हवी होती. कोणी तिला तोंडाने काही सांगितलं नाही. सरावाहून कपडे बदलायच्या खोलीत गेली, तर तिच्या खुंटीवर दुसरीचा टॉवेल. ही तशीच घामेजलेली बाहेरच्या बाकावर बसली आणि तिने मला फोन केला. मी विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "काही नाही. तू आज काय केलंस ते सांग." मी धुण्याबद्दल, यांच्या खोकल्याबद्दल, गळक्या नळाबद्दल बोलत राहिले. ती नुसतं हं हं करत होती. टॉवेलाचं पुढच्या भेटीत कळलं.

त्यानंतर दुसरं गाव, तिसरं, चौथं. प्रवास बसने. मागच्या सीटवर मधोमध, पाय वाटेत पसरून. लांबचा पल्ला असला की सगळ्यांच्या पिशव्या बसच्या मधल्या वाटेत अंथरून त्यावर आडवी. अकरा वर्षं हे चाललंय.

मी इकडे देवापाशी दिवा लावायची. तिच्या मॅचची वेळ मला पाठ असायची. पण मागायचं काय, हा प्रश्नच होता. हिला जिंकव म्हणावं, तर समोरच्या संघातल्या पोरीच्या घरीही कोणी बाई हात जोडून बसलेली असणार. देवाने कोणाकोणाचं ऐकायचं? शेवटी मी एवढंच मागायला लागले: उडी मारून खाली येताना तिचे पाय नीट टेकू देत. मागणं लहान आहे, कोणाच्या ताटातलं काही जात नाही.

आता चौकटीवरच्या खुणेचं सांगते.

ती घरी आली की हे तिची उंची घेतात. स्वयंपाकघराच्या चौकटीला, बाहेरच्या खोलीच्या बाजूने, पाठ लावून उभं राहायचं. डोक्यावर पुस्तक आडवं धरायचं. सुताराच्या जाड पेन्सिलीने रेघ. लहानपणीच्या रेघा खालून वर चढत गेलेल्या आहेत. ती वाढायची थांबली तेव्हापासूनच्या सगळ्या एकावर एक बसून एक काळी जाड रेघ झाली आहे. मोजायची गरज कधीच संपली. पण ती आली, चहा झाला, की हे पेन्सिल काढतात आणि ती गुमान जाऊन उभी राहते. घरी पोचल्याची पावती म्हणा.

या वेळीही उभी राहिली. यांनी स्टुलावर चढून पुस्तक धरलं, रेघ ओढली, आणि स्टुलावरच थांबले. ती बाजूला झाली. नवी रेघ काळ्या रेघेच्या खाली होती. चांगली दीड बोट खाली.

मग हे म्हणाले, "अगं हो! फरशी! गेल्या वर्षी नवी फरशी घातली नाही का? जमीन वर आली, खूण खाली गेली."

"हात्तिच्या!" शिडी जोरात हसली. "मला वाटलं म्हातारी झाले." हेही हसले. दोघं भाऊबहीण जरा जास्तच वेळ हसले.

मी कपबशा उचलून आत गेले. आत जाताना उंबऱ्याशी पाय थोडा उचलावा लागतो, कारण फरशी आत आहे. नवी फरशी फक्त स्वयंपाकघरात घातली. बाहेरची खोली जुनीच. आणि जमीन वर आली तर खूणही वर जायला हवी, खाली कशी येईल? आत पुसलं की पाणी बाहेर ओघळतं आणि मी रोज ते दुसऱ्या फडक्याने टिपते. हे यांना माहीत नाही असं कसं म्हणू? फरशी वर आल्यावर स्वयंपाकघराचं दार घासायला लागलं, तेव्हा ते उतरवून खालून रंधा यांनीच मारला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर लक्ष ठेवलं. चमचा पडला तर तिने तो पायाच्या बोटांनी उचलून हातात घेतला. मी म्हटलं, "शिडीबाई, खायची वस्तू ती!" तर म्हणाली, "तिकडची पद्धत आहे." माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला आणि ओठ दाताखाली धरून तशीच उभी राहिली. डबा मीच स्टुलावर चढून काढला. दुपारी ती दारापर्यंत गेली आणि परत आली. डाव्या पायातली चप्पल वाटेतच राहिली होती. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि तिला पत्ता नाही.

मी चप्पल उचलून तिच्यापुढे ठेवली. "ही तुझी."

तिने आधी चपलेकडे बघितलं, मग पायाकडे.

"फरशी आत आहे," मी म्हटलं. "तू बाहेर उभी होतीस."

ती खाली बसली. बसायलाही भिंतीचा आधार लागला. "दादाला सांगू नकोस, वहिनी."

"काय सांगू नको? मला आधी कळू तर दे."

"पाठ आहे. वरून उतरायचं, मग पुन्हा वर. इतक्या वर्षांत मणके दबले असतील, दुसरं काय. कधी कधी डावा पाय झोपतो. गरम पट्टा बांधला की चालतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"विचारलं तर म्हणतील ना! नव्या क्लबाशी बोलणं झालंय. दोन महिन्यांनी जायचं. एजंट म्हणाला, त्यांचा डॉक्टर गुडघे बघतो, हृदय बघतो. पाठीचं त्याने विचारलं तरच सांगायचं."

मी काही बोलणार तर तिने हात वर केला, समोरचीला अडवतात तसा. "एक वर्ष. एकच. तू कधी माझ्याबरोबर बाजारात आलीस तेव्हा आठव. वाणी आतून भावाला हाक मारतो, ये, बघ म्हणून. तिकडे मी हॉलमध्ये शिरते तेव्हा कोणी मान वर करत नाही. सगळ्याच तेवढ्या असतात. मी कोण? तर सेंटर. संपलं. इथे येऊन मी कोण होऊ? डबे काढणारी?"

"डबाही आज मीच काढला," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. ती हसली, पण डोळे भरले होते. मीही पुढे ताणलं नाही. संध्याकाळी दिवा लावला आणि मागणं मागताना अडखळले. पाय टेकलाय हेच जिला कळत नाही, तिच्यासाठी तो नीट टेकू दे असं म्हणायचं तरी कसं?

तिसऱ्या दिवशी तिला मास्तरांना भेटायचं होतं. मला बरोबर घेतलं. मास्तर शाळेतून कधीचे निवृत्त झाले, पण संध्याकाळी मैदानावर असतात.

"मास्तर, शिट्टी अजून तीच?"

"शिट्टी तीच, दात नवे," मास्तर म्हणाले. पोरी गोळा झाल्या. एकीने धीर करून विचारलं, "ताई, वर हवा कशी आहे?"

"थंड. आणि इथून तुझ्या डोक्यातल्या उवा दिसतात."

हसण्याचा नुसता दंगा. मास्तर म्हणाले, "त्यांना आडोसा धरायला शिकव. सगळ्यांना नुसता नेम मारायचाय, उभं कोणालाच राहायचं नाही."

ती रिंगजवळ उभी राहिली. पाय फाकवून, हात छातीशी, हनुवटी वर. क्षणभर मला पूर्वीची शिडी दिसली. पोरी एकामागून एक धावत येऊन तिच्यावर आदळायला लागल्या आणि चेंडूसारख्या मागे जायला लागल्या. ती सांगत होती, "खांदा आण, कोपर नको. बघ, मी इथेच आहे."

शेवटी एक केरसुणीएवढी पोर आली. डोकं जेमतेम हिच्या कमरेला. तिने खांदा लावला आणि शिडी पडली. तोल गेला, सावरली, असं काही नाही. झाड कापल्यावर जातं तशी, अख्खी.

पोरगी रडायलाच लागली. "मी काही नाही केलं! मी हळूच..."

"छान केलंस तू," शिडी खालूनच म्हणाली. "कोपर आत ठेवलंस. अशीच ये." मग उठायला गेली आणि उठता येईना. मास्तरांनी शिट्टी खिशात घातली, पोरींना पाणी प्यायला धाडलं आणि तिच्याजवळ उकिडवे बसले.

"कधीपासून?"

"दोन वर्षं असेल."

"पाय कुठला?"

"डावा. करंगळीकडून वर येतं."

"कोणाला बोललीस?"

"वहिनीने पकडलं. आणि आता तुम्ही."

मास्तरांनी तिला उपदेश केला नाही. नुसता हात पुढे केला. ते आणि मी, आम्ही दोघांनी मिळून तिला उठवलं. म्हातारा माणूस धापा टाकत होता, पण ती नीट उभी राहीपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.

घरी येताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. तिच्या हाताखाली माझा खांदा म्हणजे काठीची मूठ. अर्ध्या वाटेत थांबली.

"वहिनी, चिमणीचा गुडघा."

"त्याचं काय?"

"मी चेंडू घेऊन खाली आले आणि तिच्यावर पडले. सगळे म्हणाले, अपघात. खेळात होतं असं. चिमणी दवाखान्यातून मलाच समजावत होती, तू वाईट वाटून घेऊ नकोस म्हणून." मग म्हणाली, "मी पाय टाकला तो जमिनीवर आहे की नाही, मला कळलंच नाही. त्या पोरीच्या वेळी झालं तेच. अगदी तेच. तिच्यावर पडले असते तर?"

पोर कागदासारखी होती. मी तिचा हात खांद्यावर घट्ट धरला आणि आम्ही चालायला लागलो.

घरात शिरल्या शिरल्या ती चौकटीला पाठ लावून उभी राहिली. "दादा, पेन्सिल आण."

"अगं, परवाच तर झाली."

"फरशी आत आहे. मी बाहेर उभी आहे. तुलाही माहीत आहे."

यांनी माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "तिच्याकडे नको बघूस. तू सुतार आहेस. तुला दीड बोटाचा फरक कळत नाही होय?"

हे स्टुलावर चढले. पुस्तक धरलं. रेघ ओढली. पडली परवाच्याच जागी. स्टुलावरून न उतरताच म्हणाले, "मला वाटलं, आपण बोललोच नाही तर तू हसत जाशील. तुझं सगळं तिकडेच आहे. इथे काय आहे तुला?"

"दादा, मी माणसावर पडले," ती म्हणाली.

मग तिने एजंटला फोन लावला. त्या भाषेतलं आम्हाला काही कळत नव्हतं, आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे. तिचा आवाज कुठेच चढला नाही. फोन ठेवून म्हणाली, "त्याला सांगितलं, आधी मणक्याचे फोटो बघा, मग बोलावणं करा. तो म्हणतो, फोटो दाखवलास तर ते दुसरी सेंटर बघतील. मी म्हटलं, बघू देत, पण आधी फोटो."

"मग?" यांनी विचारलं.

"म्हणाला, आठवड्यात कळवतो. त्याचा आठवडा मला माहीत आहे."

हे बाहेर जाऊन कारण नसताना एक फळी घासत बसले. रंध्याचा आवाज जेवणापर्यंत येत होता. ती माझ्यासमोर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली. मी रजई पुढे ओढली, खोचलेली सुई काढली आणि राहिलेली शिवण घालायला घेतली. जादा कापड कमी करू का, असं एक वेडं मनात आलं. लगेच जीभ चावली. दीड बोट गेलं म्हणून तिचे पाय काही आत येत नाहीत.

"वहिनी, चिमणीला काय सांगू?" तिने विचारलं.

"मला जे सांगितलंस ते."

तिने चप्पल पुढे ओढून घेतली आणि हातानेच डाव्या पायात सरकवली.

उद्या सकाळी हाडांच्या दवाखान्यात जायचं आहे, तिच्या मणक्याचा फोटो काढायला. मी बरोबर जाणार आहे.